पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना बाहेर छापून येण्याची अट घालावी का?

मूळ मुद्दा (पत्रकारितेचे प्राध्यापक, नांदेड)

अंतर्गत गुण देताना विभागाच्या प्रायोगिक वृत्तपत्राबरोबरच बाहेरच्या दैनिकात किंवा संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या किमान दोन बातम्यांची अट घालावी, असा प्रस्ताव मी विभागात मांडला आहे. तीच अट शिक्षकांनाही असावी, असे माझे मत आहे.

कारण एका उदाहरणावरून सांगतो. २०२४ च्या खरिपात केंद्राने सोयाबीनच्या हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. त्यानंतर लातूरच्या बाजार समितीत जाऊन आलेल्या एका विद्यार्थ्याने ‘आदेश असूनही व्यापाऱ्यांकडून ओलाव्याच्या नावाखाली लूट’ अशी बातमी लिहिली. आमच्या वृत्तपत्रात ती जशीच्या तशी छापली गेली आणि कौतुकही झाले. तीच बातमी एका दैनिकाकडे गेली, तेव्हा संपादकीय डेस्कवरून प्रश्न आले: ही सवलत सरकारी खरेदीची आहे, आडतीवरच्या, म्हणजे खासगी व्यापाऱ्यांच्या, सौद्याला ती लागू होते का? ओलावा मोजणारा मीटर कोणाचा होता, आकडा किती आला आणि खरेदीदाराचे म्हणणे कुठे आहे? विद्यार्थी पुन्हा लातूरला गेला, सगळ्या प्रश्नांची उत्तरे घेऊन आला आणि बातमी अर्ध्या लांबीची होऊन लागली. हे शिक्षण वर्गात देता येत नाही, कारण वर्गातल्या चुकीने कोणाचेही काही बिघडत नाही.

उत्तर (उपसंपादक, छत्रपती संभाजीनगर)

सरांच्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारणारा डेस्क भेटला, हे त्याचे नशीब. जिल्हा आवृत्तीची पाने लावताना रात्री नऊनंतर कोणाकडेही असे प्रश्न विचारायला वेळ नसतो. अट घातली की विद्यार्थी सर्वांत सोपा मार्ग धरतील: महाविद्यालयातल्या जयंतीची प्रेसनोट स्वतःच्या नावाने पाठवतील, ओळखीचा वार्ताहर ती लावून देईल आणि फाईलमध्ये कात्रण चिकटेल. गुण पूर्ण मिळतील, शिक्षण काहीच होणार नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरते देऊन त्याच्याकडून जाहिरातींची अपेक्षा धरणाऱ्या या व्यवसायाला आपण दर वर्षी फुकट लिहिणारी एक तुकडी पुरवणार आहोत. ज्या जागेवर उद्या याच मुलांना नोकरी मागायची आहे, ती जागा आज त्यांच्याच फुकट मजकुराने भरून निघेल. ‘मराठवाडा’ दैनिकाचे अनंत भालेराव पत्रकारितेची पदवी घेऊन संपादक झाले नाहीत, हे मलाही माहीत आहे, त्यामुळे मी वर्गाची तरफदारी करतो आहे असे समजू नये. माझा आक्षेप सक्तीला आहे.

उत्तर (माजी विद्यार्थिनी, बीड जिल्हा)

दोघांच्याही म्हणण्यात एक गोष्ट सुटली आहे. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटली नाही म्हणून अडवून ठेवलेल्या एका कोयत्याविषयी, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या जोडप्याविषयी, मी शिकत असताना लिहिले आणि ते माझ्या नावाने छापून आले. गावाचे नाव बदलले होते, पण आडनावावरून आमच्याकडे सगळे कळते. दोन दिवसांनी मजुरांना उचल देणारा मुकादम आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि वडिलांना एवढेच म्हणाला की, पोरगी शिकलेली आहे, चांगले आहे, पुढच्या हंगामाची उचल मग दुसरीकडे बघा. दैनिकाने मी त्यांची प्रतिनिधी नसल्याचे सांगितले, तर विभागाने मजकूर बाहेर छापल्याचे.

पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, परंतु ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी नेमणुकीवर आहे, त्याच्यासाठी तो आहे. दोन बातम्यांची अट पूर्ण करणारा विद्यार्थी त्यात कुठे बसणार?

उत्तर (अनुदानित महाविद्यालयातील शिक्षक, परभणी)

शिक्षकांच्या अटीविषयी थोडेसे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधनपत्रिकेतल्या लेखाला गुण आहेत, वृत्तपत्रातल्या लेखाला नाहीत. त्यामुळे आमच्यापैकी बहुतेकांचे बाहेरचे लेखन ६ जानेवारीला ‘दर्पण’ आणि बाळशास्त्री जांभेकर यांच्यावरच्या लेखापुरते उरले आहे, आणि तोही गेल्या वर्षीचाच असतो. ज्याने स्वतः कधी बातमी परत आलेली पाहिली नाही, त्याने ती परत का आली हे विद्यार्थ्याला काय समजावून सांगावे? शिक्षकांची अट मला मान्य आहे, विद्यार्थ्यांच्या आधी तीच लागू करावी.

मूळ लेखकाचे उत्तर

प्रेसनोट चालणार नाही, हे प्रस्तावात लिहितो. कात्रणाऐवजी पाठवलेला मूळ मजकूर आणि छापलेला मजकूर शेजारी ठेवून, काय बदलले व का, यावर गुण द्यावेत, म्हणजे न छापलेल्या बातमीलाही गुण मिळू शकतील. मानधनाबाबत मात्र उपसंपादकांशी माझे जुळत नाही. पैसे देणाऱ्यांकडेच लिहा असे सांगितले, तर मराठवाड्यातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना दारच उघडणार नाही.

उत्तर (उपसंपादक)

दार उघडत नाही म्हणून फुकट राबायचे, हाच तर्क आमचे व्यवस्थापनही देते. विभागाने दोन-तीन दैनिकांशी लेखी बोलणी करावीत, दर ठरवावा, मग अट घालावी. तोवर न छापलेल्या मजकुराला गुण देण्याची तुमची सूचना एवढीच मला पटते.

उत्तर (माजी विद्यार्थिनी)

दर ठरवाल तेव्हा तेही लिहून घ्या की, बातमीवरून कोणी घरी आले तर त्याच्याशी विभागप्रमुख बोलतील की संपादक. आणि नाव न छापण्याचा पर्याय विद्यार्थ्याच्या हातात ठेवा. ‘स्वतःच्या नावाने’ हे शब्द प्रस्तावातून आजच काढता येतील.