द्वेषाने नेलेली माणसं: तुमच्या घरात, गल्लीत त्यांची आठवण कशी ठेवता?

नमस्कार मंडळी. डिसेंबर-जानेवारी आला की आमच्याकडे ९२-९३ चा विषय निघतो आणि निघाला रे निघाला की कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवतं. आमचं कुणी गेलं नाही, आम्ही फक्त कर्फ्यू बघितला, दुधाची पिशवी जिन्यातून कशी पास करायचे ते बघितलं. दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने मुंबईतल्या दंगलीत ९०० मृत्यू धरलेत, ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर आणि ४५ जण कोण होते हेच कळलं नाही. १२ मार्चच्या स्फोटांमधले २५७ वेगळे. आकडे मला पाठ आहेत, पण त्या सगळ्यांमधली पाच नावं सांग म्हटलं तर सांगता येणार नाहीत, आणि या शहरात कुठे जाऊन ती वाचता येतील असं ठिकाणही माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हा धागा काढतेय. जात, धर्म, भाषा, कशावरूनही माणसं मारली गेली असतील आणि त्याची झळ तुमच्या घराला, वस्तीला लागली असेल तर लिहा. पुढे काय झालं, कशाने थोडंफार सावरलं, की नाहीच सावरलं, तेही लिहा. फक्त सुरुवात कुणी केली हा वाद इथे नको, त्यासाठी बाकीचं अख्खं इंटरनेट पडलंय.

*जोगेश्वरी_पूर्व*

आम्ही राधाबाई चाळीच्या जवळच राहायचो, मी तेव्हा नववीत. ७ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर तिथल्या एका खोलीला बाहेरून कडी घालून आग लावली. एक पुरुष आणि पाच बायका-मुली गेल्या, त्यातली एक मुलगी अपंग होती. आईच्या भिशीतली एक बाई त्याच चाळीत राहायची, ती वाचली, पण नंतर कितीतरी महिने ती रात्री दाराला आतून कडी लावू द्यायची नाही, नवऱ्याला म्हणायची उघडंच राहू दे, चोर आला तर येऊ दे.

मला लिहायचंय ते वेगळंच आहे. आमच्या गल्लीतलं दुःख आमच्याकडे दोन दिवससुद्धा राहिलं नाही हो. लगेच ते नाक्यावरच्या फळ्यावर गेलं, भाषणात गेलं, आणि त्या नावावर दुसरीकडे दुसऱ्यांची माणसं मारली गेली. आई म्हणायची, मयताचं दहावं व्हायचंय अजून आणि हे लोक हिशोब काढून मोकळे. केस चालली, टाडा (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) कोर्टाने शिक्षा दिली, पुढे सुप्रीम कोर्टात आरोपी सुटले. म्हणजे कडी कुणी घातली ते कायद्याच्या दृष्टीने आजही कुणाला माहीत नाही. अजूनही कुणी 'राधाबाई चाळ' म्हटलं की आईचा पहिला प्रश्न असतो, कशासाठी विचारतोयस?

सावरलं कशाने म्हणाल तर रॉकेलने. हसू नका. दंगलीनंतर एक बालवाडीच्या बाई होत्या, त्यांनी आमच्याकडच्या आणि पलीकडच्या मुसलमान वस्तीतल्या, प्रेमनगरच्या बायकांना रेशनवाल्याशी भांडायला एकत्र नेलं, तो माप मारायचा दोघींकडेही सारखंच. शांतता वगैरे शब्द कुणी काढला नाही, काढला असता तर आई गेलीच नसती. पण रांगेत उभं राहून राहून तिला समजलं की पलीकडची खातून ज्या भावाबद्दल बोलते तो आता नाहीये.

*मुंब्राकर*

आधी सांगतो, आम्ही रत्नागिरीकडचे, घरात मराठी-कोकणीच बोलतो, त्यामुळे 'तुमचं मराठी छान आहे' असं कुणी लिहू नये प्लीज.

जानेवारी ९३ मध्ये माझे धाकटे चाचा कुर्ल्याहून कामावर निघाले ते आलेच नाहीत. मयत नाही, कपडे नाहीत, काहीच नाही. अब्बा जेजेच्या शवागारात जाऊन बघून आले, एकदा नाही, कितीतरी वेळा. तिथे काय बघितलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही पण त्यानंतर त्यांनी मटण खाणं सोडलं ते सोडलंच. आम्ही त्याच वर्षी मुंब्र्याला आलो, तेव्हा निम्मं मुंब्रा असंच आलेलं.

माणूस मेला तर कफन असतं, दफन असतं, चाचीला इद्दत (नवरा गेल्यावर बायकोने पाळायची मुदत) असते, ती संपते. हरवला तर काय? मौलानांना विचारलं जनाज्याची गायबाना नमाज, म्हणजे मयत समोर नसताना पढतात ती, पढू का, ते म्हणाले मौतीची खात्री आहे का? खात्री कोण देणार. चाची धड सुहागन नाही, धड बेवा नाही, तेवीस वर्षांची पोर. दादीने रेशनकार्डावरून चाचांचं नाव कापू दिलं नाही. इन्स्पेक्टर तपासणीला आला की सांगायची गावाला गेलाय. तेवढी एका माणसाची साखर आमच्याकडे येत राहिली, आणि दादी ती साखर वेगळ्या डब्यात ठेवायची, वापरायची नाही, मुंग्या लागायच्या तेव्हा उन्हात घालायची आणि परत भरायची.

ती गेली तेव्हा अब्बांनी मौलानांना परत विचारलं, वीसच्या वर वर्षं झाली होती, आता ते हो म्हणाले. दादीच्या दफनानंतर त्याच दिवशी मशिदीत चाचांची नमाज झाली. मला वाटलेलं अब्बा रडतील, ते उलट घरी येऊन झोपले, दुपारभर झोपले. चाचीने नंतर दुसरं लग्न केलं नाही, ते वय गेलं होतं, पण कुणी विचारलं तर आता 'ते वारले' असं सरळ सांगते.

माझ्या वाचनात आलं की सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये हरवलेल्यांबद्दल काहीतरी ऑर्डर दिलीय. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, आम्ही कधी काही घेतलं नाही, कागदच नव्हते.

*रमाबाईनगर_घाटकोपर*

वरचं वाचून जरा वेळ काही सुचलंच नाही. आमच्याकडे निदान तारीख तरी आहे. ११ जुलै १९९७. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक हायवेवर आले आणि एसआरपीने (राज्य राखीव पोलिसांनी) गोळीबार केला, १० माणसं गेली. गोळ्या काय फक्त हायवेवर थांबल्या नाहीत, वस्तीत आल्या, पत्र्यातून आरपार. माझा जन्म नंतरचा पण आमच्या जुन्या खोलीच्या शेजारच्या पत्र्याला भोक होतं, तिथून सकाळी उन्हाची एक काडी आत यायची आणि आम्ही पोरं तिच्यात हात घालून खेळायचो. आजी ओरडायची. का ओरडते ते समजायला मला सातवी-आठवी उजाडावी लागली.

चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडला घरात गळफास घेतला. आमच्याकडे त्यांचं नाव त्या दहांच्या जोडीनेच घेतलं जातं, म्हणजे मी लहान असताना अकराच मोजायचो.

दर ११ जुलैला स्मारकापाशी अभिवादन असतं. पाऊस हमखास, ताडपत्री गळत असते, वंदना होते, नावं वाचतात, गायन पार्टी असते, पुढाऱ्यांची भाषणं लांबतात (ती कुणी ऐकत नाही, खरं सांगतो, चहा तेव्हाच होतो). पण नावं वाचायला लागले की बिल्डिंगमधल्या बायकासुद्धा खाली येतात. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्या घरातली आजची पोरं पुढे बसतात, त्यातल्या कितींनी तर त्या माणसाला बघितलेलंही नाही. कुणी त्यांना सांत्वन वगैरे करत नाही, जयभीम करतात, पाणी देतात, बस. मला वाटतं त्याने फरक पडतो. दुःख एकट्याच्या अंगावर राहत नाही.

न्यायाचं म्हणाल तर हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये जन्मठेप झाली आणि पाठोपाठ जामीनही झाला. आता वस्तीच्या रिडेव्हलपमेंटचं काम काढलंय. घर मिळेल, चांगलंच आहे, मला कुणी त्याविरुद्ध धरू नका. पण स्मारक नकाशात नक्की कुठे येणार हे मी तीन मीटिंगमध्ये विचारलंय आणि तिन्ही वेळा मला पार्किंगबद्दल उत्तर मिळालंय.

*सुखी_माणूस*

सगळ्यांबद्दल आदर ठेवून लिहितो, पण जुन्या जखमा कशाला उकरायच्या? नवीन पिढीला हे माहीतच नसेल तर ती आपोआप चांगली वागेल. विसरणं हेच औषध.

*परभणीची*

@सुखी_माणूस, दादा, विसरायचं कुणी ते आधी ठरवूया का? आमचं गाव परभणी जिल्ह्यात. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि पुढचे दिवस गावोगावचे महारवाडे जळाले. नांदेडकडे पोचिराम कांबळे यांना तर जिवंत जाळलं. आमच्याकडे माणूस गेलं नाही पण घर गेलं, आणि आजी सांगायची घरापेक्षा कणगीतली ज्वारी जळताना जो वास सुटला तो जास्त लक्षात राहिला, भाजलेल्या हुरड्यासारखा, भूक लागावी असा वास, आणि त्याचीच तिला आयुष्यभर चीड. नंतर बहिष्कार. गिरणीवाला दळण घेईना, शेतात काम नाही, विहिरीवर जायची सोय नाही. ज्यांनी जाळलं ते सगळे ओळखीचे. बाहेरून कुणी आलं नव्हतं.

नामविस्तार, म्हणजे विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव, झाला १४ जानेवारी १९९४ ला. आता गंमत बघा, १४ जानेवारी म्हणजे संक्रांत. गावात बायका वाण लुटतात आणि आमच्या गल्लीतून जीप भरून विद्यापीठाच्या गेटला नमन करायला निघते. एवढी गर्दी असते तिथे की गेटपर्यंत पोचायला तास जातो, पुस्तकांचे स्टॉल, फोटो, पिठलं-भाकरी, पोरं गेटला हात लावून कपाळाला लावतात. दुःखाचा दिवस की सणाचा, मला सांगता येत नाही, दोन्हीच असेल.

आजी जिवंत होती तोवर एका विशिष्ट वाड्यातला तिळगूळ आमच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. त्या वाड्यातली माझ्या वयाची एक मैत्रीण आहे, एका शाळेत होतो. ती दरवर्षी आणायची, आजी दारातूनच परत पाठवायची, शांतपणे, शिवी नाही काही नाही. आजी गेल्यावर पहिल्या संक्रांतीला मी घेतला. भावाला ते अजून पटलेलं नाही, त्याचंही बरोबर आहे. त्या वाड्यातून 'आमच्याकडून झालं' एवढं एक वाक्य आजवर आलेलं नाही, मैत्रिणीने एकदा सुरुवात केली होती, पण वडील ओसरीवर बसले होते म्हणून गप्प झाली. आम्ही विसरायला तयार आहोत हो दादा, त्यांना आठवलं तर पाहिजे आधी.

*निवृत्त_हवालदार*

मी भिवंडीत ड्युटी केली आहे. १९७० ची आणि ८४ ची दंगल गावाच्या अंगात मुरलेली. ८८ पासून खोपडेसाहेब डीसीपी असताना मोहल्ला कमिट्या बसवल्या. एका गल्लीतले दोन्हीकडचे लोक आणि एक पोलीस, ठरलेल्या दिवशी बैठक. सुरुवातीला आम्हालाच कंटाळा यायचा, सगळा वेळ गटार, लाईट, लूमचा आवाज, कुणाची बकरी कुणाच्या दारात. पण ९२ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली याचं कारण तेच गटार. अफवा आली की लोक आधी आमच्या नावाने फोन करायचे, साळवे खरं आहे का, अन्सारी खरं आहे का. मुंबईत हे काम ९४ च्या सुमारास सुरू झालं, तेव्हाचे पोलीस आयुक्त साहनीसाहेब, माजी आयुक्त रिबेरोसाहेब वगैरेंनी, म्हणजे माणसं गेल्यानंतर. खात्याबद्दल श्रीकृष्ण आयोगाने जे लिहिलंय ते मी वाचलंय. बरंचसं खरं आहे. जास्त लिहीत नाही.

*मूळ_नांदेड*

नांदेडचं नाव वर आलं म्हणून लिहिते. माझं बालपण गुरुद्वाऱ्याच्या लंगरवर पोसलंय, शाळा सुटली की दप्तरासकट तिथेच. सध्या विस्कॉन्सिनमध्ये राहते, मिलवॉकीजवळ. ५ ऑगस्ट २०१२ ला इथे ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात एका गोऱ्या वर्चस्ववाद्याने घुसून सहा जणांना मारलं, रविवारची सकाळ, लंगरची तयारी चाललेली. सातवे बाबा पंजाबसिंग, ते अर्धांग होऊन पडून होते आणि २०२० मध्ये गेले. त्या रविवारी आम्ही जाणार होतो वगैरे काही नाही, पण नंतर गेले. लोकांनी स्वतःच्या हाताने रक्त धुतलं, गालिचे बदलले, आठवडा संपायच्या आत दरबार परत सुरू. एका दाराच्या चौकटीतलं गोळीचं भोक मात्र मुद्दाम बुजवलं नाही, त्याखाली छोटी पट्टी आहे, आपण एक आहोत अशा अर्थाची, आणि तारीख. दरवर्षी अखंड पाठ असतो आणि धावायची शर्यत असते, चढदी कला नावाची, अख्खं गाव येतं, पोलीस येतात.

मला सगळ्यात नवल वाटतं ते मारल्या गेलेल्या अध्यक्षांच्या मुलाचं. तो एका माजी नव-नाझी माणसाला स्वतःहून जाऊन भेटला, हे असं का करतात लोक ते विचारायला, आणि पुढे दोघं मिळून शाळांमध्ये जाऊन मुलांशी बोलायला लागले. मी हे आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मला नसतं जमलं. मलाही नाही. आणि जमलंच पाहिजे असं कुणी कुणाला म्हणू नये, परभणीच्या ताईंच्या भावाला तर अजिबातच नाही.

*कायदा_सहायक*

@मुंब्राकर, ऑर्डर ४ नोव्हेंबर २०२२ ची आहे. सरकारदरबारी हरवलेले १६८ होते, त्यातल्या ६० जणांच्याच वारसांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ जणांच्या वारसांना शोधून दोन लाख रुपये आणि २२ जानेवारी १९९९ पासून ९ टक्के व्याज द्यायचं असं कोर्टाने म्हटलंय. देखरेखीची समिती महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली नेमली होती, तिथेच लेखी अर्ज करा, वकील लागत नाही. चाचांचं नाव त्या १६८ मध्ये आहे का हे आधी बघावं लागेल. तेव्हा मिसिंगची तक्रार नोंदवली होती का, आणि कुठल्या ठाण्यात, कुर्ला की नेहरूनगर? अब्बांना विचारून कळवा. आणि ते रेशनकार्ड टाकून दिलं नसेल तर जपून ठेवा, चाचा त्या घरात राहत होते याचा तो पुरावा आहे.