हाफ मॅरेथॉनसाठी इंटरव्हल नक्की कसे मारायचे? १४ किमीनंतर फेफे उडते

कालवारोड_हडपसर
नमस्कार मंडळी. वय ४१, खराडीला आयटीत नोकरी, दिवसभर खुर्ची. जानेवारीत मुंबईची हाफ (२१ किमी) नोंदवलीय, हातात साधारण तीन महिने आहेत. १० किमी ६२ मिनिटांत जातं, हाफचं टार्गेट २:१० तास ठेवलंय. ग्रुपमध्ये ज्याला त्याला विचारलं तर एकच उत्तर, दमसास वाढवायचाय तर इंटरव्हल मार, म्हणजे थोडं अंतर जोरात, मधे हलकं, परत जोरात. म्हणून मंगळवार आणि गुरुवार दोन्ही दिवस ४०० मीटरचे दहा मारतो, फुल जोर लावून. पहिला १:५० मिनिटांत जातो आणि शेवटचे दोन-तीन २:२५ ला कसेबसे येतात, मग पाच मिनिटं बाकावर आडवा. बाकीचे दिवस ५-६ किमी, किमीला ६:३० मिनिटांच्या पेसने, रविवारी १५ चा लाँग रन तोही ६:३० ला सुरू करतो आणि १३-१४ ला पाय जे जड होतात ते होतातच, शेवटचा किमी चालत. ४०० चा टाइम सुधारलाय हे खरं पण लाँग रन आहे तिथेच आहे. घोडं नक्की कुठं पेंड खातंय? अजून एक दिवस इंटरव्हल वाढवू का? पोटऱ्या आत्ताच बोंबलतायत.

टेकडीवाले_काका
वाढवू नका!! आधी आहेत त्यातला एक दिवस कमी करा.

तुमच्याच आकड्यांकडे जरा नीट बघा. २:१० म्हणजे किमीला ६:१०. आणि तुमचा १० किमीचा पेस किती, ६:१२. म्हणजे जितक्या जोरात तुम्ही दहा पळता त्याहून किंचित जोरात एकवीस पळायचं ठरवलंय. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचं रीगलचं गणित म्हणून एक आहे, वेळ गुणिले अंतराच्या पटीचा १.०६ घात, त्यात ६२ मिनिटं टाकली की हाफचं उत्तर येतं २:१७ च्या आसपास. २:१० हवं असेल तर दहा किमी ५९ मिनिटांत जायला हवं. तीन महिन्यांत ते होणारच नाही असं नाही, पण ट्रेनिंग आजच्या दमावर करायचं असतं, मनातल्या टायमिंगवर नाही.

आता ४०० चं. १:५० म्हणजे किमीला ४:३५ चा पेस. तुमच्या दमाच्या माणसाचा इंटरव्हल पेस ५:४५-५:५० असतो, म्हणजे ४०० मीटर २:१८-२:२० मध्ये. तुम्ही करताय ती स्प्रिंट आहे. पहिल्या दोन-तीन राउंडमध्येच दम संपतो आणि पुढचे सगळे नुसते सहन करता, हृदय-फुप्फुसांना जे काम मिळायला हवं ते मिळतच नाही, मार बसतो तो पोटऱ्यांना. साधी कसोटी सांगतो, शेवटचा राउंड पहिल्याइतक्याच वेळात यायला हवा आणि संपल्यावर वाटायला हवं की अजून एक मारला असता. बाकावर आडवं व्हावं लागलं तर तो वर्कआउट फसला, मग घड्याळ काहीही म्हणो.

आणि खरी गडबड तर वेगळीच आहे, तुमचे इझी रन इझीच नाहीत. ६:३० हा तुमचा जवळपास हाफचा पेस आहे हो. इझी म्हणजे ७:१५ ते ७:४५, शेजारच्याशी भांडता येईल इतपत श्वास राहिला पाहिजे. पायात केशवाहिन्या वाढणं, माइटोकाँड्रिया (पेशीतले ऊर्जा बनवणारे भाग) वाढणं हे सगळं त्या कंटाळवाण्या पळण्यात होतं. तुम्ही रोजच मधल्या गिअरमध्ये, त्यामुळे इंटरव्हलच्या दिवशी पाय ताजे नसतात आणि लाँग रनलाही नसतात.

कालवारोड_हडपसर
काका आकडे बघून गारच झालो, ६:१० आणि ६:१२ हे शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलंच नव्हतं. पण ७:३० ला पळायचं म्हणजे कालव्यावर चालणाऱ्या आजी पण पुढे जातील. आणि मग ४०० चे करायचेच नाहीत का? आठवडा कसा लावू तेवढं सांगा.

टेकडीवाले_काका
जाऊ द्या की आजींना. घड्याळावरचं पेसचं पान इझीच्या दिवशी बंदच ठेवा.

एक दिवस इंटरव्हल, एक दिवस टेम्पो (थोडा जोर, पण टिकवता येईल असा), रविवारी लाँग, मधे दोन दिवस इझी आणि दोन दिवस आराम. ४१ ला एवढं भरपूर झालं. इंटरव्हल आता लांबीचे घ्या, हाफला तेच उपयोगी. सुरुवात ८०० चे चार, प्रत्येक ४:४० मध्ये, मधे अडीच मिनिटं जॉग. जॉग म्हणजे जॉग, कमरेवर हात ठेवून उभं राहायचं नाही. तीनेक आठवड्यांनी पाच करा, मग १ किमीचे चार-पाच साधारण ५:५५ ने. त्याच्या पलीकडे नको, आठवड्याला ३५ किमी पळणाऱ्याने ५ किमीवर जोराचं पळणं एका दिवसात कशाला. आधी १५ मिनिटं वॉर्मअप, शेवटी १० मिनिटं सावकाश, हे तर हवंच.

टेम्पोला १० मिनिटांचे तीन तुकडे, ६:१५-६:२० ने, मधे दोन मिनिटं जॉग. बोलता येतं पण तुटक, असा जोर. हाफमध्ये १४ नंतर जे होतंय ना त्यावर खरं औषध हे आहे आणि लाँग रन. लाँग रन ७:३० ने सुरू करून हळूहळू १८ पर्यंत न्या, दर चौथ्या आठवड्याला थोडा कमी करा. डिसेंबरमध्ये शेवटचे ४-५ किमी ६:२५ ने, म्हणजे दमलेल्या पायांना रेसचा पेस कळेल.

आणि एवढं जोराचं पळण्याआधी बीपी-ईसीजी एकदा करून घ्या, खुर्चीवरची चाळिशी आहे तुमची. छातीत काही वेगळं वाटलं तर तिथेच थांबायचं.

यवतेश्वर_घाट
काकांशी सहमत, फक्त पोटऱ्या शांत झाल्या की सपाटीवरच्या ८०० ऐवजी पहिले तीन-चार आठवडे चढ घ्या ना. मी साताऱ्याची, आमच्याकडे हिल मॅरेथॉनच यवतेश्वरच्या घाटातून कासच्या रस्त्याला वर जाते आणि तिथूनच परत खाली, त्यामुळे इथं सगळे चढावरच वाढलेत. चढावर वेग आपोआप कमी राहतो, पायावर आदळआपट कमी होते, पण धाप तेवढीच लागते. एक ते दीड मिनिट वर पळायचं, चालत खाली यायचं, सहा वेळा. पुढे वाकायचं ते घोट्यातून, कमरेतून वाकलात की श्वास कोंडतो. नजर दहा-पंधरा फूट पुढे, पावलं छोटी. तुमच्याकडे तळजाई आहे, बोपदेव घाट आहे, कशाला त्या ट्रॅकच्या मागे लागताय.

फक्त उतारावर जोर करू नका. मांड्यांची खरी वाट उतारावर लागते, दुसऱ्या दिवशी जिने उतरताना कळतं. आमच्या रेसला बाहेरगावचे लोक चढाला घाबरून येतात आणि रडतात ते येताना.

ट्रॉन्डहाइमचा_सांगलीकर
मी थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका काका. आठवड्यात दोन कठीण दिवस अधिक लाँग रन हे नोकरीवाल्याला झेपेलच असं नाही. मी सध्या जिथे राहतो तिथल्याच विद्यापीठातल्या लोकांनी ४ बाय ४ लोकप्रिय केलंय. चार मिनिटं जोरात, हार्ट रेट कमालच्या ९० ते ९५ टक्के, मग तीन मिनिटं हलकं, असे चार. वॉर्मअप धरून पाऊण तासात विषय संपला. हृदय एका ठोक्याला जेवढं रक्त ढकलतं ते वाढवणं हा हेतू, आणि त्यासाठी ४०० मीटर फार छोटे पडतात कारण हार्ट रेट वर चढेपर्यंत राउंड संपलेला असतो. पहिल्या चारपैकी दीड-दोन मिनिटं तर वर जाण्यातच जातात. इथं हिवाळ्यात बाहेर बर्फ असतो तेव्हा ट्रेडमिलला थोडा चढ देऊन सगळे हेच करतात, साठीचे लोकसुद्धा.

मनगटावरच्या घड्याळावर मात्र विसंबू नका, इंटरव्हलमध्ये ते आकडा उशिरा दाखवतं, छातीचा पट्टा घ्या किंवा सरळ श्वासावर जा. आणि वेगवान पळणं हाफला निरुपयोगी म्हणणाऱ्यांसाठी, आपल्या बीडचा अविनाश साबळे, मूळ ३००० मीटर स्टीपलचेसवाला (अडथळ्यांची शर्यत), २०२० ला दिल्लीत हाफ १:००:३० मध्ये पळाला, तेव्हाचं नॅशनल रेकॉर्ड होतं ते.

टेकडीवाले_काका
रागवायचं काय त्यात, ४ बाय ४ उत्तमच आहे. तुमची चार मिनिटं आणि माझे ८०० हे यांच्या पेसला जवळपास एकच काम आहे, ८०० ला यांना ४:४० लागणार. त्यामुळे ८०० च्या जागी खुशाल घालू देत. पण टेम्पो सोडून नुसतं तेच नको. हाफला सव्वादोन तास पायावर राहायचंय, नुसतं इंजिन मोठं करून भागत नाही. आणि साबळेचं उदाहरण आपल्याला कशाला, मांडव्याचा पोरगा, सैन्यात घडलेला, बारा महिने पळणं हेच काम. त्याच्या स्पीडवर्कखाली केवढा पाया आहे ते बघा ना.

४०० वाल्यांसाठी एक मजा सांगतो. झाटोपेक, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला ५०००, १०००० आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, तिन्ही सुवर्ण घेऊन गेलेला चेक गडी. तो ४०० चेच मारायचा, वीस, चाळीस, कधी शंभरसुद्धा! लोक एवढंच वाचतात आणि ट्रॅकवर जाऊन जीव काढतात. पण शंभर मारता येतात म्हणजेच ते जीव खाऊन मारलेले नसतात, मधे २०० चा जॉग, परत ४००. दिवसभराचा मोठा रनच होता तो, तुकड्यातुकड्यांत कापलेला.

बोरिवली_फास्ट
ट्रेनिंगचं मोठ्यांनी सांगितलंच आहे, मी रेसचं सांगतो कारण पुणेकर दरवर्षी तिथंच गंडतात 😄

जानेवारीचा तिसरा रविवार म्हणजे मुंबईत थंडी असते असं फक्त मुंबईकरांना वाटतं. तुम्ही डिसेंबरभर कोरड्या कडक गारव्यात पळणार आणि इथं पहाटे उतराल तर हवेत ओल, घाम वाळत नाही, तोच पेस पाच-दहा ठोके जास्त मागतो. त्यामुळे पहिले तीन किमी ६:४० ने, गर्दी असतेच त्यामुळे नाहीतरी वाट काढत नागमोडी पळण्यात अर्थ नाही. रूट दरवर्षी थोडा इकडेतिकडे होतो, नकाशा बघून घ्या, पण पेडर रोडचा चढ काही टळत नाही आणि तो नेमका पाय दमल्यावर येतो. फार मोठा नाहीये हो, पण तिथं पेस बघायचाच नाही, श्वास बघायचा, वरती पोचलं की केम्प्स कॉर्नरचा उतार आहे, चौपाटी, मग मरीन ड्राइव्ह. तिथं माणूस खूश होऊन सुटतो आणि चर्चगेट काही येतच नाही, कारण वळणामुळे सगळं दिसत राहतं पण जवळ येत नाही. जे काय उरलंय ते तिथल्यासाठी ठेवा.

बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला आदल्या दिवशी गेलात तर तिथल्या एक्स्पोत, म्हणजे प्रदर्शनात, तीन-तीन तास फिरत बसू नका, पायांचा तिथंच भुगा होतो. जमलं तर शुक्रवारीच उरका. रस्त्यावर लोक संत्री, चिक्की, बिस्किटं, काय काय हातात देतात, प्रेमाने देतात, पण लाँग रनला जे खाल्लं असेल तेच खा. एनर्जी जेल (पळताना खायची गोड पेस्ट) घेणार असाल तर पाऊण तासाला एक, पाण्याबरोबर, आणि त्याचीही सवय आधी रविवारी करून घ्या नाहीतर पोट हाजी अलीलाच हात वर करतं. शूज नवे घालायचे नाहीत हे सांगायला नको, तरी दरवर्षी कुणीतरी एक्स्पोत घेतलेले घालून येतोच.

कालवारोड_हडपसर
सगळ्यांचे मनापासून आभार. टार्गेट २:१७ केलं, २:१० पुढच्या वर्षी बघू. पोटऱ्या शांत झाल्या की मंगळवारी तळजाईला चढाचे सहा, महिन्याभराने काकांचे ८०० नाहीतर सांगलीकरांचे ४ बाय ४. दोन शंका राहिल्या. रेसच्या आधी इंटरव्हल कधी बंद करायचे? आणि एखाद्या आठवड्यात ऑफिसमुळे एकच कठीण दिवस मिळाला तर कुठला ठेवू?

यवतेश्वर_घाट
एकच मिळाला तर टेम्पो. आणि रविवारचा लाँग रन काही झालं तरी सोडायचा नाही.

टेकडीवाले_काका
बरोबर. शेवटचा मोठा इंटरव्हल रेसच्या दहा-बारा दिवस आधी, शेवटचा १८ चा लाँग रन दोन आठवडे आधी. त्यानंतर किमी निम्म्यावर आणा पण जोर पूर्ण काढून टाकू नका, रेसच्या आठवड्यात मंगळवारी ४०० चे तीन-चार, २:२० ने, पाय जागे राहण्यापुरते. तेव्हा मारा तुमचे लाडके ४००.

बोरिवली_फास्ट
आणि १:५० ला गेलात तर इथं येऊन सांगू नका 😄