हिरवा के-नाइन खराच आहे

बाजारातून घेतलेला हिरवा के-नाइन बनावट वाटतो म्हणून तुम्ही तो परत करायला निघालाय. कृपया थांबा! 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा टीव्ही मालिकेतला हा यांत्रिक कुत्रा पडद्यावर करडा असला, तरी डेपॉल या ब्रिटिश कंपनीने १९८०च्या दशकाच्या शेवटी त्याच्या छोट्या मूर्ती काढल्या तेव्हा आधी हिरवाच काढला. करडा नंतर आला. त्यामुळे रंग पाहून घाबरू नका, आणि कुणी सांगितलं तरी तो पुन्हा रंगवू तर मुळीच नका.

डेपॉलच्या याच मूर्तींमध्ये डॅव्हरॉस या खलनायकाला, पडद्यावर त्याला एकच हात असूनही, सुरुवातीला दोन्ही हात दिले होते, आणि टार्डिस या डॉक्टरच्या कालयानाचं कन्सोल, म्हणजे नियंत्रणाचं टेबल, सहाऐवजी पाच बाजूंचं निघालं. मला या चुका फार प्रिय आहेत. माझ्याकडचा दोन हातांचा डॅव्हरॉस बोटभर उंचीचा. डावा हात नखाएवढा, पण त्याच्यावरूनच तो जुना आहे हे कळतं.

डॉक्टरची सोबतीण मेल हिच्या मूर्ती गुलाबी आणि निळ्या अशा दोन्ही पोशाखांत आहेत. एकच मिळाली तर ती घ्या, जोडीसाठी अडून राहू नका. आणि कपाट खिडकीसमोर नको, उन्हाने प्लास्टिकचा रंग बदलतो.