जोडीने पळालेली पहिली हाफ मॅरेथॉन: तुमचे अनुभव लिहा

टेकडीकाठची

भाचीने आणि जावईबापूंनी डिसेंबरमधल्या हाफला (एकवीस किलोमीटर) नावं घातलीयत. काल तिचा फोन आला तो तयारीबद्दल विचारायला नाही, तंटा सोडवायला. त्याला किलोमीटर सव्वासहा मिनिटांत हवाय, तिचा जेमतेम आठात होतो. "मावशी, तू न् काका एकत्र पळालात ना? मग कुणाच्या वेगाने?" त्यावरून सगळं वर आलं, म्हणून हा धागा.

आम्ही सुरू केलं तेव्हा ह्यांची शुगर काठावर, आणि मी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मोबाइल बघायचं नाटक करून दम घेणारी. पुण्यात डीपी रोडला पहाटे दिव्याच्या एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत पळायचं, मग दोन खांब चालायचं. हळूहळू पळायचे खांब वाढले, चालायचे कमी झाले. जुलैत पावसाने वैताग आणला. बूट सुकेनात. त्यात रद्दी कोंबायची, तासाभराने ती भिजली की काढून दुसरी कोंबायची, रात्री फ्रिजच्या मागे ठेवायचे. आमच्याकडे तेव्हा पेपर वाचून व्हायच्या आत बुटात जायचा.

रविवारी लांबचा पल्ला. राजाराम पूल ओलांडून सिंहगड रोड धरायचा, वडगावपर्यंत जाऊन परत. पाय तयार झाले तसे खडकवासल्याच्या दिशेने पुढे पुढे. निवांत पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे असं सगळे सांगतात. आमचे हे वाक्यच काय, ऑफिसातलं अख्खं अप्रेझल सांगायचे. मी नुसतं "हं". कोण कुणासाठी हळू पळतंय ते तिथेच कळत होतं.

शर्यतीत चौदा-पंधरा किलोमीटरपर्यंत बरोबर होतो. मग ह्यांचं सुरू झालं, दर दहा पावलांनी मागे वळून "चल, थोडंच राहिलंय." सहा-सात किलोमीटर म्हणजे थोडं? म्हटलं, "अहो, तुम्ही व्हा पुढे. मला तुमची पाठ बघत पळायचं नाहीये." गेले. आणि काय सांगू, सुटल्यासारखं वाटलं! हवं तिथे चालले, हवं तिथे पळाले, दुभाजकाला धरून पोटऱ्या ताणल्या, शर्यतीला आणि ह्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. पोचले तर हे मेडल घालून उभे, हातात माझ्यासाठी राखून ठेवलेलं केळं. अर्धं खाल्लेलं.

माझं मत झालंय की तयारी जोडीनेच करावी, नाहीतर पहाटे पांघरुणातून ओढणार कोण. शर्यतीच्या दिवशी मात्र ज्याचं त्याने पळावं. तुमचं काय?

झणझणीत_पोहे

रुमाल टाकून ठेवते. कुकर लावलाय, आले.

उलटी_टोपी

आमचं हात धरून फिनिश लाइन ओलांडायचं ठरलं होतं. ओलांडली. फोटोपण आहे. घरी येऊन निकाल बघतो तर ही माझ्यापेक्षा अकरा सेकंद फास्ट! बिबला, म्हणजे छातीवरच्या नंबरपट्टीला, चिप असते, तिची वेळ तुम्ही सुरुवातीच्या मॅटवर पाय ठेवता तिथपासून मोजतात, बंदूक वाजल्यापासून नाही. गर्दीत मी पुढे घुसलो होतो, ही मागून सावकाश आली. शेवटी दोघांचा पाय एकदमच पडला, म्हणजे तेच अंतर हिने अकरा सेकंद कमी वेळात कापलं. आता पाहुणे आले की चहाच्या आधी हा किस्सा येतो.

कट्टेकरी

हसून हसून पुरेवाट. वहिनींना दंडवत.

नाडीपरीक्षक

जोडीबद्दल काही नाही, पण धागा बघून राहवलं नाही. पहिल्यांदा पळणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळा. एक, दुखू नये म्हणून आधीच पेनकिलर घेऊन पळू नका. घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीला महागात पडतात. दोन, तहान नसताना प्रत्येक टेबलावर थांबून नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम खाली येतं. ओआरएस घ्या. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आमटीचा नव्हे. हे सांगावं लागतं.

सारसबाग_फेरी

सगळं ठीक आहे पण डांबरावर पळून गुडघे जातात. माणसाने चालावं.

नाडीपरीक्षक

काका, हौसेने पळणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. दुखणं मागे लागतं ते एकदम पल्ला वाढवणाऱ्यांच्या. मांड्या, कुल्ले, पोटऱ्या यांचा व्यायाम केला तर गुडघ्यावरचा भार वाटला जातो.

सारसबाग_फेरी

बरं. तरी चालावं.

झणझणीत_पोहे

आले. जोडी म्हणजे नवराच असं कुठे लिहिलंय? मी माझ्या मोठ्या जाऊबाईंबरोबर पळाले. दोघी धायरीच्या घरात, एकत्र कुटुंब. पहाटे पाचला एकटीने रस्त्यावर पळायचं म्हणजे खरं सांगते, भीती वाटते. अंधार, दारू उतरत आलेले लोक, मागून मुद्दाम हळू होणारी बाइक. दोघी असलो की निम्मी भीती जाते. उरलेलीसाठी ताईंचा आवाज आहे, बाइकवाला पुढच्या चौकापर्यंत मागे बघत नाही.

सासूबाई पहिले काही दिवस "बायका कुठे पळतात का" म्हणाल्या. मग एकदा आम्हाला उशीर झाला तर पोरांचे डबे भरून तयार! वर म्हणतात, "ललिता बाबर आपल्या साताऱ्याकडची ना गं? ऑलिंपिकच्या फायनलला होती ती." सासूबाईंचं माहेर माणदेशातलं, त्यामुळे रिओ २०१६ घरात तोंडपाठ.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या आणि माझ्यापेक्षा दमदार. अठराव्या किलोमीटरला मी म्हटलं, "ताई, गुडघा बोलतोय." तर म्हणे, "बोलू दे, तू उत्तर देऊ नकोस." शेवटपर्यंत माझ्या बाजूला राहिल्या. त्यामुळे टेकडीकाठची, तुमचं मत मला मान्य नाही. मला सोडून गेल्या असत्या तर मी रिक्षा केली असती.

(बिब लावायच्या पिना आदल्या रात्रीच काढून ठेवा. आमच्या सापडल्या नाहीत म्हणून साडीच्या पिनांनी लावले. फोटोत दोघींच्या छातीवर मोती चमकतायत.)

दुसरीकडे_वळलेली

माझा पार्टनर आता दुसरीबरोबर पळतो. रेसकोर्सला दिसतात कधीकधी. टाइम अजून माझाच चांगला आहे.

टेकडीकाठची

अगं :( ये कधी डीपी रोडला, आपण हळू पळू.

दुसरीकडे_वळलेली

हळू नको :)

कट्टेकरी

क्या बात!

दोरीचं_टोक

आमच्या बाबतीत 'ज्याचं त्याने' हा पर्यायच नव्हता. मित्राला अजिबात दिसत नाही, मी त्याचा गाइड. दोघांच्या हातात एका दोरीची दोन टोकं. आम्ही सुरुवातीला बुटाची जुनी नाडीच वापरली, दोन्हीकडे फास करून. दोरी ताणली की तो समजतो मी बाहेरच्या बाजूला चाललोय, सैल पडली की वळण आतल्या बाजूला. बाकी सगळं तोंडाने. पुण्यात गाइड होणं म्हणजे अखंड बडबड: "स्पीडब्रेकर, तीन, दोन, एक. डावीकडे झाकण वर आलंय. पाणी साचलंय, उडी नको, वळसा. परत स्पीडब्रेकर, बिनरंगाचा." सरावाला आम्ही विद्यापीठात जायचो, झाडी आहे, गाड्या कमी. तिथे तो मलाच सांगायचा की पुढे चढ आहे, पावलांच्या आवाजावरून.

गंमत सांगतो. दम आधी माझा गेला. सतरा किलोमीटरला माझी वाक्यं तुटायला लागली, "स्पीड..." एवढंच. तो म्हणाला, "तू नुसता दोन वेळा खाकर, मी समजेन ब्रेकर आहे." पुढचे सगळे गतिरोधक खाकरून पार केले. शेजारून पळणाऱ्या एका आजोबांनी मला खडीसाखर दिली.

पॅरालिंपिकमध्ये गाइडने खेळाडूच्या आधी रेषा ओलांडायची नसते. आम्हाला तिथे कोण विचारतंय, तरी मी शेवटच्या दोन पावलांना मागे झालो.

उलटी_टोपी

हे फार आवडलं. खडीसाखरवाले आजोबा तर कळस.

झणझणीत_पोहे

+१. बिनरंगाचा स्पीडब्रेकर!! आमच्या गल्लीत याच वर्षी नवीन दोन झालेत, मध्ये दहा फूटसुद्धा नाहीत. नगरसेवक कुठलं गणित करतात देव जाणे.

घाटचढी

आमची पहिली हाफ सरळ सातारा हिल. बायको साताऱ्याची, तिने परस्पर नावं घातली. यवतेश्वरचा घाट चढायचा, कास रस्त्याने पुढे जाऊन फिरायचं आणि तसंच खाली. चढ सगळ्यांना दिसतो, मारतो तो उतार. मांड्यांची पार वाट लागते. सराव कात्रजच्या जुन्या घाटात केला. चढाला ती पुढे, उताराला मी पुढे, त्यामुळे भेट फक्त वळणावर. दुसऱ्या दिवशी सासुरवाडीला भारतीय बैठकीचा संडास. बाकी समजून घ्या.

कट्टेकरी

समजलो. दाराची कडी धरून बसलात ना?

घाटचढी

कडी नव्हती. नळ होता.

पेठेतला_प्रेक्षक

मी पळालेलो नाही, पळणारही नाही. पण पुणे मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली तेव्हापासून बघतोय. डिसेंबरची थंडी, मफलर, हातात चहा, समोरून केनिया-इथिओपियाची मंडळी अशी जायची की 'आले' म्हणेपर्यंत गेलेली. मागून तासाभराने आपली माणसं. टाळ्यांची खरी गरज त्यांना असते, म्हणून मी शेवटच्या माणसापर्यंत थांबतो. जोडपी लांबून ओळखू येतात, एकाच्या हातात दोघांच्या टोप्या असतात.

टेकडीकाठची

ह्यांच्या हातात माझा चष्मा होता!

दोरीचं_टोक

वेगाचा विषय निघालाच आहे तर, आपल्या बीडच्या अविनाश साबळेने २०२० मध्ये दिल्लीत हाफ १ तास ३० सेकंदांत मारलीय. तासाच्या वर फक्त तीस सेकंद. किलोमीटरला तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

उलटी_टोपी

तेवढ्या वेळात माझं निम्मंही झालेलं नसतं.

पहिलटकर_२१

सगळे अनुभव वाचतेय, मस्त. जानेवारीत आम्ही दोघं पहिल्यांदा करतोय. तीन तासांत बसायचं तर वेग किती लागतो? आणि कुत्र्यांचं काय करता? आमच्या बाणेरच्या रस्त्याला पहाटे आठ-दहा एकदम अंगावर येतात, नवरा मला पुढे करतो.

घाटचढी

तीन तासांसाठी किलोमीटरला साधारण साडेआठ मिनिटं. पाणी प्यायला, नाडी बांधायला थांबाल ते धरून सव्वाआठ ठेवा. कुत्री आली की पळणं थांबवायचं, चालायचं, डोळ्यांत बघायचं नाही. नवऱ्यालाही हेच लागू.

झणझणीत_पोहे

आम्ही पारले-जीचा पुडा ठेवायचो. आता ती कुत्री आमच्याबरोबर चौकापर्यंत पळतात, बाइकवाले लांबूनच जातात.

पहिलटकर_२१

बिस्किटं आणते मग. अजून एक, बूट नेहमीच्याच मापाचे घ्यायचे ना?

नाडीपरीक्षक

नाही. पळताना पाय सुजतो. संध्याकाळी दुकानात जा, पळायचे मोजे घालून बघा, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. नाहीतर नखं काळी पडतात.

सारसबाग_फेरी

चालायच्या बुटांनाही हेच माप का? माझं डाव्या पायाचं नख सहा महिने काळं आहे.

नाडीपरीक्षक

काका, सहा महिने? कुणाला तरी दाखवा ते आधी. पळण्याचं मग बघू.