रोममध्ये तीनच दिवस असताना माक्सीला अर्धा दिवस द्यावा का?

वाटसरू (धागाकर्ता)
गेल्या वर्षी आम्ही पतिपत्नी रोममध्ये तीन दिवस होतो आणि त्यांतला अर्धा दिवस सोबतच्या मंडळींच्या आग्रहाखातर माक्सी या एकविसाव्या शतकातील कलांच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. त्याची रुखरुख अजून आहे. झाहा हदीद यांनी रचलेली ही इमारत २०१० साली खुली झाली आणि त्याच वर्षी तिला ब्रिटनचा स्टर्लिंग पुरस्कारही मिळाला, हे मान्य. परंतु इमारतच एवढी बोलकी आहे की कलाकृतींना तोंड उघडायला जागा उरत नाही. वळत जाणाऱ्या भिंतीवर सपाट चित्र नीट बसत नाही, म्हणून आत पुन्हा सरळ आडभिंती उभ्या कराव्या लागतात! ज्या शहरात दगडादगडाला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, तेथे जाऊन काँक्रीट कशासाठी पाहायचे?

चुनखडी
काँक्रीट रोमला उपरे आहे, हा आपला समज मला पटत नाही. पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिराचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट काँक्रीटचाच आहे, त्यात लोखंडाची एक सळई नाही, आणि बिनसळईच्या घुमटांत तो आजही जगात सर्वांत मोठा आहे. माक्सी ज्या फ्लामिनिओ भागात आहे, तेथे पूर्वी लष्करी बराकी होत्या. कोणतेही प्राचीन अवशेष हटवून ही इमारत उभी राहिलेली नाही, उलट रस्त्याकडची जुनी बराक राखून नवे बांधकाम तिला जोडले आहे. तेथून पायी काही मिनिटांवर इटालियन अभियंते पिएर लुइजी नेर्वी यांचे १९५७ सालचे क्रीडागृह आहे, ज्याचा घुमट इंग्रजी वाय अक्षरासारख्या तिरक्या खांबांवर तोललेला दिसतो, आणि त्याच नेर्वींची कागदपत्रे माक्सीच्या स्थापत्यसंग्रहात आहेत. हा अर्धा दिवस पँथिऑनच्या दुसऱ्याच दिवशी ठेवला, तर जुन्या-नव्या रोमला जोडणारा काँक्रीटचा एकच धागा हाती लागतो.

सावकाश
चुनखडी यांची माहिती चोख आहे, पण तिने धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पहिल्यांदाच रोमला जाणाऱ्याने फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, धावतपळत उरकायचा आणि नेर्वींच्या खांबांपुढे उभे राहायचे, हा सल्ला स्थापत्याच्या विद्यार्थ्याला शोभेल. आईवडिलांना घेऊन निघालेल्या माणसाला तो मी देणार नाही. मात्र इमारत कलेला गिळते, हेही मला मान्य नाही. काळ्या पोलादी जिन्यांवरून चढताना पायऱ्यांच्या जाळीतून खालचा उजेड दिसतो, खालून जाणाऱ्यांची डोकी दिसतात, आणि सर्वांत वरच्या दालनाची जमीन चढत चढत एका मोठ्या तिरक्या काचेपाशी नेऊन सोडते. तेथे उभे राहून बाहेरची जुनी वस्ती पाहणे हेही पाहणेच आहे. अडचण वेळेची आहे, वास्तूची नाही.

वाटसरू (धागाकर्ता)
त्याच जाळीच्या पायऱ्यांवर पत्नीचे डोळे फिरले आणि उरलेला वेळ तिने अंगणातल्या बाकावर काढला, त्यामुळे जिन्यांचे कौतुक मला जरा जड जाते. सावकाश म्हणतात ती काचही पाहिली; खरे सांगायचे तर तेथे मी घड्याळच अधिक पाहत होतो. तरीही एक गोष्ट कबूल करतो. मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांची ‘विडो’ नावाची काळी, प्रचंड कर्ण्यासारखी उमलत जाणारी कलाकृती या संग्रहात आहे. तिच्यापुढे मी थांबलो आणि तेवढा वेळ भिंती वळतात की सरळ जातात, याकडे लक्ष गेले नाही.

चुनखडी
मग इमारतीने कलेला गिळले, हे विधान आपण मागे घेता का?

वाटसरू (धागाकर्ता)
एका कलाकृतीपुरते घेतो. अर्ध्या दिवसाचा हिशेब मात्र तसाच राहील.