गोव्यात लग्न करताना सदनिकेवरचा हक्क

प्रश्न (डिचोली):
नमस्कार. मी आणि माझे नियोजित वर दोघेही मूळचे गोव्याचेच आहोत. नोकरीच्या बचतीतून मी म्हापशाला एक लहान सदनिका घेतली आहे. लग्नानंतर तिच्यात त्यांचा निम्मा हिस्सा होतो असे घरचे सांगतात. हे खरे असेल, तर सदनिका माझ्या एकटीच्या नावे राहावी यासाठी काय करावे लागेल? आणि त्यांच्या वडिलांच्या बागायतीत माझा हक्क किती? लग्नाच्या नोंदणीची पहिली सही पुढच्या महिन्यात आहे.

उत्तर (वकील, पणजी):
घरचे सांगतात ते खरे आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात अजूनही कुटुंबाच्या बाबतीत लागू आहे आणि वेगळा करार केला नसल्यास तिच्यानुसार लग्नापूर्वीची व नंतरची मालमत्ता दोघांची समाईक होते. स्वतंत्र मालकी हवी असेल, तर विवाहपूर्व करार नोंदणी कार्यालयात रीतसर दस्त करूनच करावा लागतो. साध्या कागदावरच्या सह्यांना अर्थ नाही, आणि लग्नानंतर पद्धत बदलता येत नाही. त्यामुळे पहिल्या सहीपूर्वीच दोघांनी मोकळेपणाने बोलून घ्यावे. बागायत सासऱ्यांच्या हयातीत तुमची नाही. उद्या ती तुमच्या यजमानांच्या वाट्याला आली, तर समाईक पद्धतीत त्या वाट्यात तुम्हीही निम्म्याच्या धनी व्हाल. करार मात्र दोन्हीकडे लागू होतो, म्हणजे सदनिका वेगळी ठेवताना बागायतीतल्या वाट्यावरही पाणी सोडावे लागू शकते.

उत्तर (फोंडा):
वकीलसाहेबांच्या म्हणण्यात एक भर घालते, कारण यात बायकांचे फार नुकसान होताना मी पाहिले आहे. पहिली सही म्हणजे केवळ लग्नाचा इरादा जाहीर करणे. हरकतींची मुदत संपल्यावर साक्षीदारांसमोर दुसरी सही होते, तेव्हाच हिंदूंचे लग्न कायद्याने पूर्ण होते. देवळात मंगलाष्टके झाली, जेवणावळ उठली, की दुसरी सही राहूनच जाते, आणि पुढे बेबनाव झाल्यावर त्या बाईला पत्नी म्हणून हक्क मागणेच अवघड होऊन बसते. मुहूर्त ठरवताना त्या सहीची तारीखही पक्की करा, आणि दाखला हाती घेतल्याशिवाय स्वस्थ बसू नका.

उत्तर (वकील, पणजी):
ताईंचे म्हणणे अगदी योग्य आहे. आणखी एक बाब: समाईक पद्धत ठेवली, तर पत्नीच्या संमतीवाचून पतीला स्थावर मालमत्ता विकता येत नाही. आयकरातही पगार वगळता इतर उत्पन्न, उदाहरणार्थ सदनिकेचे भाडे, दोघांत निम्मे धरले जाते, म्हणून दोघांनाही आपापल्या विवरणपत्रात ते दाखवावे लागेल.