अंदाजाची बातमी पहिल्या पानावर, चुकल्याची कुठे?

कोरडवाहू:
ऑक्टोबर २०२४. जुलै-सप्टेंबर तिमाहीत विकासदर ७ टक्के राहील असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं. तिमाही तेव्हा संपलेली होती! २९ नोव्हेंबरला सरकारी आकडा आला: ५.४. आठवड्याभरात बँकेने वर्षाचा अंदाजही ७.२ वरून ६.६ वर आणला.

माझा राग बँकेवर नाही, बातमीवर आहे. 'अर्थव्यवस्था ७.२ टक्क्यांनी वाढणार' यातला 'णार' आला कुठून? बँकेच्या पतधोरण अहवालात याच आकड्याभोवती पंख्यासारखा पसरत जाणारा आलेख असतो; आकडा कितपत वरखाली होऊ शकतो ते त्यात दिसतं. माझ्या घरी येणाऱ्या पेपरात तो मी एकदाही पाहिलेला नाही.

रोखेवाला:
साफ अमान्य. रिझर्व्ह बँकेने व्याजदर आज बदलला तर परिणाम दिसायला कित्येक महिने जातात. पुढचा अंदाज न बांधता तो ठरवायचा कसा? आणि चूक दोन्हीकडे होते. २०२५ च्या त्याच तिमाहीला बँक ७ म्हणाली, आले ८.२. तेव्हा कुणी तक्रार केली नाही.

कोरडवाहू:
मी करतोय ना! लागोपाठ दोन वर्षं त्याच तिमाहीचा अंदाज एका टक्क्याहून जास्त चुकला. अंदाज बंद करा असं मी कुठे म्हटलं? हवामान खात्याने २०२४ च्या पावसाळ्याचा अंदाज सरासरीच्या १०६ टक्के दिला, पण सोबत 'पाच टक्के कमी-जास्त' हेही सांगितलं. पाऊस १०८ टक्के झाला. शेतकऱ्याला हे कळतं, मग पेपर वाचणाऱ्याला का कळणार नाही?

अकरावी_वाणिज्य:
कमी-जास्त छापूनही भागणार नाही. एप्रिल २०२० मध्ये नाणेनिधीने त्या वर्षासाठी भारताची वाढ १.९ टक्के सांगितली. जूनमध्ये उणे ४.५, ऑक्टोबरमध्ये उणे १०.३. ही तीन कात्रणं मी वर्गात लावते. मुली विचारतात, "मॅडम, परीक्षेत कुठलं लिहायचं?" झालेल्या वर्षाचा आकडाही स्थिर नसतो, २०२३-२४ चा ८.२ होता, पुढे ९.२ झाला.

रोखेवाला:
मॅडम, महामारीत आकडा बदलला नसता तर मला जास्त भीती वाटली असती. नवी माहिती आली की अंदाज बदलायलाच हवा. मुलींना कात्रणांवरची तारीख आधी वाचायला सांगा.

कोरडवाहू:
तारीख वाचतीलच. पण 'मागच्या वेळी एवढा चुकला होता' ही ओळ बातमीतच असायला काय हरकत आहे?